फियाटच्या टाकीचं झाकण

माझ्या सासूबाई प्रेमा साठी उलटल्यावर गाडी शिकल्या. सासरे दत्ताराम गेल्या वर्षी गेले आणि त्यांची जुनी फियाट बोरिवलीत आमच्या बिल्डिंगखाली धूळ खात पडली. माझा नवरा नितेश ती भंगारात काढायला निघाला, तशी या बाईंनी थेट ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. मोडेन पण वाकणार नाही, असा खाक्या.

लायसन्स मिळालं, पण गाडी काही नीट नांदेना. घाटकोपरला नणंदेकडे निघालो की वाटेत आरे कॉलनीच्या झाडीत हटकून बंद पडायची. जरा वेळ थांबलं की पुन्हा चालू. प्लग बदलले, पंप बदलला, शेवटी मेकॅनिकने हात टेकले.

"नाचता येईना अंगण वाकडं! आई, बाबांच्या हातात कधी बंद पडली ही?" असं म्हणून नितेशने भंगारवाल्याला येत्या सोमवारी यायला सांगितलंसुद्धा. मला असा राग आला त्याचा! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "रविवार आसा ना अजून? चल गो प्रांजल."

रविवारी आरेत गाडी पुन्हा बंद. पेट्रोल संपलं की काय, म्हणून सासूबाईंनी टाकीचं झाकण फिरवलं, तर सुस्स करून हवा आत ओढली गेली. त्यांनी झाकण उलटं करून पाहिलं. टाकीत हवा जायला ठेवलेलं बारीक भोक कुणीतरी एम-सीलने बुजवलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल पुढे येईना.

"माका पेट्रोलचो वास सोसायचो नाय, उलटी व्हायची," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणान ह्यांनी बुजवल्यानी."

सासरे दर खेपेला आरेत चहाला थांबायचे. चहाबाज म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. चहा सांगून ते गाडीच्या मागे जायचे, ते हे झाकण सैल करून हवा आत सोडायला! इतकी वर्षं चकार शब्द काढला नाही त्या माणसाने. मला रडूच आलं.

"राहू दे ते तसंच," मी म्हटलं. "आपणही थांबत थांबत जाऊ."

"आणि उद्या त्या भंगारवाल्याक चहा पाजू?" डिकीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या रस्त्याकडेला बसल्या आणि एम-सील कोरून कोरून काढलं. डोळे पुसले ते नंतर.

मग गाडी कुठेच थांबली नाही. आत मात्र पेट्रोलचा वास भरला. पवईला सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. मी विचारलं, थांबूया का? ओठ घट्ट मिटून त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

घाटकोपरला उतरल्या, गटाराशी वाकून भडाभडा ओकल्या, पदराने तोंड पुसलं आणि नितेशला फोन लावला.

"भंगारवाल्याक सांग, येव नको."