उलटे मोजे

समजा, तुम्ही ओव्हरलॉक मशीनवर बसला आहात. हातात तान्ह्या बाळाचा हातमोजा आहे, जेमतेम पेरूएवढा. शिवण काठापर्यंत आली, कापड संपलं, तरी मशीन पुढे दोऱ्यांची नुसती साखळी विणत राहतं. साध्या मशीनसारखे उलटे टाके मारून शिवण पक्की करता येत नाही. ही लोंबती साखळी मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवायची, शिवणीच्या टाक्यांखालून बोटाच्या पेराएवढी मागे न्यायची आणि मगच उरलेली कापायची. ते न करता कापडाच्या कडेशीच कात्री चालवली, तर वाचतं काय? चहाचा एक घोट घेण्याइतका वेळ.

भिवापूरहून लग्न होऊन नागपुरात आलेली उत्तरा प्रेमलताबाईंच्या कारखान्यात हेच मोजे शिवते. कारखाना म्हणजे धरमपेठेतल्या बंगल्यामागची खोली. तिथून सजवलेले बाळंतविडे दुकानांत जातात: झबली, टोपडी, दुपटी, मोजे. पहिल्याच आठवड्यात उत्तराने सुई हातात घेतली, तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, आत कोण बघतंय? काप आणि पुढे चल." नोकरी नवी होती. ती कापत गेली.

मग नणंदेच्या मुलीला, काजलला, मुलगा झाला. उत्तराने हौसेने तिथलाच बाळंतविडा नेला. दोन धुण्यांत मोज्याची शिवण आतून उसवली. बाळ रडायचं थांबेना. पोट दुखत असेल म्हणून सगळ्यांनी बेंबीवर हिंग लावला. काजलने सहज मोजा काढला, तर सुटलेला दोरा करंगळीला आवळून बसलेला आणि बोट जांभळं पडलेलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी भिंगातून बघत दोरा कापला. बोट वाचलं.

"मामी, हे तुह्याच हातचे होय ना वं?" काजल एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात येताच उत्तराने दुकानांत जायला निघालेले डबे उघडले आणि एकूण एक मोजा उलटा करून, कापलेली टोकं वर दिसतील असा मांडला.

"उद्या आपल्यालेच उलटं करून डब्यात ठेवतीन वं," शेजारच्या मशीनवरची मिनल पुटपुटली.

प्रेमलताबाई आल्या. "हे काय उलटंच? वेड लागलं का तुला?"

"आता सगळ्यायले दिसून राहिलं, मॅडम. आमच्या काजलच्या लेकराचं बोट ह्याच मोज्यानं जात होतं. सुई द्या, एकेक पक्का करून देते. त्याबिगर सरळ करणार नाही."

"आणि माल उद्या जायचा, त्याचं काय? धंदा आहे हा उत्तरा, घरचं शिवण नाही."

'घरचं' म्हणताच उत्तरा उठून उभी राहिली.

"घरचं म्हणता? तुमच्या नातवाचे मोजे मीच शिवले. तवा तुम्ही स्वतः सुई ओवून दिली होती. दोरा नीट आत घे म्हणल्या, बाळाच्या बोटात अडकतो म्हणल्या."

मशीनं थांबली. प्रेमलताबाईंनी एका डब्याचं झाकण उचललं आणि परत लावलं.

"तू आज घरी जा," त्या म्हणाल्या.

उत्तराने पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली, पण बाहेर पडली नाही.

"जाते. पण एवढं सांगा मॅडम, तुमाले माहीत होतं, तर आमाले कापाले काहून लावलं?"