कापड फाटल्याचा आवाज

किटली तापेपर्यंत ग्लाफिरामावशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उजव्या हाताची चार बोटं वाजवायची. करंगळीपासून तर्जनीपर्यंत, पुन्हा करंगळीपासून. वेगात, पण प्रत्येक ठोका सुटा. मग क्षणभर कान देऊन म्हणायची, "हं, ठीक." भिंतीपलीकडे आमचं घर. तो आवाज आला की आई मला हलवायची, "ऊठ, मावशीने शिक्का मारला."

शिक्का खराच होता, फार पूर्वी. रशियात, उरल पर्वताच्या अलीकडे, नदीकाठच्या आमच्या गावात अर्धी माणसं कारखान्यात जायची आणि उरलेली तिथूनच निवृत्त झालेली. एकावन्न साली तिथे रणगाड्यातल्या लोकांसाठी एक पिस्तूल बनू लागलं. चाप दाबून धरला की वीसच्या वीस गोळ्या झाडणारं. त्याचं लाकडी म्यान मागे अडकवलं की तेच खांद्याला टेकायचा दस्ता व्हायचं. पण एवढ्याशा हत्याराला तो वेग पेलायचा नाही, नळी वर उडायची. म्हणून मुठीच्या आत एक लहानसं वजन आणि स्प्रिंग होती. दर गोळीमागे ते वजन खाली जाऊन वर यायचं, तेवढाच पिस्तुलाला एक श्वास मिळायचा.

ते वजन बसवणं हे मावशीचं काम. मग कुणीतरी वाळूच्या ढिगात एक फैर झाडायचं आणि ती डोळे मिटून ऐकायची.

"ठोके सुटे ऐकू आले तर शिक्का," ती सांगायची. "कापड फाटल्यासारखं वाटलं तर परत."

वर्तुळात सात, असा तिचा शिक्का. मुठीच्या आतल्या बाजूला, मूठ उघडल्याशिवाय न दिसणारा.

रणगाडेवाल्यांना ते पिस्तूल जड वाटलं. अठ्ठावन्नमध्ये काम थांबलं, पेट्या गोदामात गेल्या. मावशीला स्कूटरच्या विभागात टाकलं. "स्कूटरचं काय ऐकायचं," ती म्हणायची, "ती आपणहूनच बोंबलते."

तिचा मुलगा वेन्या हेलिकॉप्टरवर तंत्रज्ञ होता. चौऱ्याऐंशीत त्याला अफगाणिस्तानात पाठवलं. लांब बंदूक हेलिकॉप्टरच्या अरुंद जागेत मावत नाही, म्हणून तिथल्या लोकांना गोदामातली ती जुनी पिस्तुलं दिली होती. पत्रात हत्याराचं नाव लिहायला बंदी. वेन्याने लिहिलं, "आई, इथे मला तुझा वर्तुळातला सात भेटला. आता तू माझ्या कमरेलाच आहेस."

आम्हाला वाटलं, ती ते पत्र जिन्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांना वाचून दाखवेल. तिने ते घडी करून कपाटात ठेवलं आणि मला म्हणाली, "चोपन्नच्या एकतीस डिसेंबरला वर्षाचं काम पुरं व्हायला एक पेटी कमी होती. मुकादम म्हणाला, ग्लाफिरा, आज ऐकत बसू नकोस. चाळीस पिस्तुलं होती. अंगठ्याने स्प्रिंग दाबून बघितली आणि शिक्के मारले."

"पण बाकीची हजारो तर ऐकून पास केलीत ना?"

"हजारो त्याच्याकडे नाहीत. एकच आहे."

तिने वेन्याला उलटटपाली विचारलं, त्यावर साल कोणतं आहे? उत्तर यायच्या आधी त्याची जस्ताची शवपेटी आली.

दोन वर्षांनी इल्दार आला. वेन्याच्याच हेलिकॉप्टरवरचा, आमच्या पलीकडच्या तातार खेड्यातला. डब्यात त्याच्या आईने दिलेली चकचक नावाची मधातली मिठाई, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"बस, लेका. केवढा वाळलास! हवाई दलात काय हवाच खायला घालतात?"

"वाढतात, मावशी. पण तुमच्या कोबी भरलेल्या पिरोगची सर नाही. वेन्या सारखी त्याचीच गोष्ट सांगून आम्हाला छळायचा."

ती हसली. मग त्याने वर्तमानपत्र सोडलं. आत लाकडी म्यान होतं. "हे अडचणीचं म्हणून तो खाटेखालीच ठेवायचा. तुमच्याच कारखान्याचं. म्हटलं, तुमच्याकडे असावं."

म्यानावर पिस्तुलाचाच क्रमांक आणि साल असतं. मावशीने ते उलटं केलं, चष्मा लावला, वाचलं. चोपन्न. चष्मा काढला.

"त्याने झाडलं का ते?"

"झाडलं ना!" इल्दार सरसावून बसला. तिला अभिमान वाटावा, एवढीच त्याची इच्छा होती. "आमचं हेलिकॉप्टर खाली पडलं, मी जखमी. शत्रू नाल्यातून वर येत होते. तो माझ्यापुढे उभा राहिला आणि एका दमात सगळ्या गोळ्या! जणू कुणी चादर टर्रकन फाडली. त्या आवाजानेच ते दबकले, म्हणून तर मी..." तो थांबला. "गोळ्यांचं दुसरं मॅगझिन काढून भरेपर्यंत मात्र..."

मावशीने त्याच्यापुढे बशी सरकवली. "खा. गार होतंय."

तो गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, त्या धुमश्चक्रीत कुणाला नीट ऐकू येतं? वेन्याने घाबरून चाप दाबून धरला असेल, इतकंच."

"असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून बोटांचा आवाज आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. आईला गजराचं घड्याळ आणावं लागलं.

ते म्यान तिने फेकलं नाही. खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलं आणि त्यात शिवणाची कात्री ठेवली. मात्र दुकानात कापड फाडून देऊ लागले की ती बाहेर जाऊन उभी राहायची. मीठ संपलंय, असलं काहीतरी कारण सांगायची.

ती नव्वदच्या ऑक्टोबरात गेली. आदल्या दुपारी मी तिच्या खिडक्या थंडीसाठी बुजवत होते. फटीत कोंबायला चिंध्या हव्या होत्या. तिने जुनी चादर दिली आणि पलंगावर पडून बघत राहिली. मी चादरीचा काठ दातात धरला, दोन्ही हातांनी ताणला.

"फाडू नकोस गं," ती म्हणाली. "कात्री म्यानात आहे."