रोख देणाऱ्या जिजी

मंगळवारी सकाळी पावणेसहा वाजता चाकणच्या भाजीबाजारात जिजींच्या मोबाइलवरून व्यापाऱ्याला पैसे गेले नाहीत. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा व्यापाऱ्याने त्यांचा फोन हातात घेऊन स्वतः करून पाहिला. खात्यात पैसे होते. ते बाहेर जात नव्हते. त्या दिवशी जिजींनी कमरेच्या पिशवीत होते तेवढ्या रोखीत कोथिंबीर, मिरची आणि दोन किलो वांगी घेतली आणि सहा आसनी रिक्षाने महाळुंग्याला परत आल्या.

जिजी म्हणजे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या दोन नंबर गेटसमोर भाजीचा गाडा लावणाऱ्या बाई. मूळच्या महाळुंग्याच्याच. घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, नवरा गेला, एकुलती लेक लग्न होऊन पिंपळे गुरवला गेली. राहिला तो गाडा. अठरा वर्षे दुपारी तीन ते रात्री आठ त्या तिथे उभ्या असत. खाली पोते अंथरलेले असे, पण त्यावर त्या बसल्याचे मी क्वचितच पाहिले. चाकणच्या कंपन्यांच्या बातम्या करत असताना मी गावात खोली घेऊन राहत होतो आणि सात वर्षे त्यांच्याकडून भाजी घेतली. मला त्या ‘पेपरवाल्या’ म्हणत. माझे नाव त्यांनी कधी विचारले नाही.

गाड्यावर पैसे घेण्याचा चौकोनी कोड लावायला त्या वर्षभर तयार नव्हत्या. ‘दिसत न्हाई त्यो पैसा कसला?’ असा त्यांचा सवाल होता. बँकेचा माणूस चार वेळा आला. पाचव्या वेळी त्याने कोड चिकटवला, शेजारी रक्कम बोलून दाखवणारा डबा ठेवला आणि सांगितले, ‘जिजी, पाकीट मारलं जातं, खातं मारलं जात नाही.’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

डबा हिंदीत बोलायचा आणि पैशांखेरीज दुसरे काही बोलायचा नाही, म्हणून जिजींनी त्याचे नाव ‘सायेब’ ठेवले. गिऱ्हाईक फोन कोडसमोर धरी, पण डबा बोलेपर्यंत भाजी पिशवीत पडलेली असे. कोणी म्हणाले, ‘जिजी, आवाज तर येऊ द्या, पैसे आले की नाही कळायला,’ तर उत्तर ठरलेले: ‘सायेबाचं सायेब बघंल. म्या तुझ्याकडं बघतीया.’ बिहारहून आलेला एक वेल्डर रोज मुद्दाम फोन दाखवायचा, ‘जिजी, बीस डाला, देख लो.’ त्या म्हणायच्या, ‘डाला ना? मंग जा आता, मागं लाईन हाय.’

या गेटवर आणखी एक पद्धत होती. कंत्राटी कामगाराचा पगार खात्यात येतो. खोलीचा मालक भाडे रोख मागतो. रिक्षावाला रोख मागतो, दवाखान्यातला कंपाउंडर रोख मागतो. चौकातले एटीएम पगारानंतर दोन दिवसांत रिकामे होते आणि आठवडाभर तसेच राहते. त्यामुळे शिफ्ट सुटली की कामगार जिजींच्या कोडवर पाचशे टाकत आणि त्यांच्याकडून पाचशे रोख घेऊन जात. जिजींना ती अडचण वाटत नसे. व्यापाऱ्याचे पैसे त्या फोनवरूनच देत, रोख नुसती पिशवीत पडून असे. शेजारचा मोबाइल दुकानदार याच कामाचे हजारामागे वीस रुपये घ्यायचा. तो एकदा म्हणाला, ‘जिजी, तुम्ही फुकट देता, आमचा धंदा बसतो राव.’

‘माझं भाजीचं दुकान हाय,’ जिजी म्हणाल्या. ‘पैसं इकायचं न्हाई.’

नोट देताना त्या एकच प्रश्न विचारत: ‘घरी समदं बरं हाय ना?’ रोख मागणारा माणूस अडचणीत आहे, हे त्या धरूनच चालत. लातूरकडच्या एका कामगाराने यावर त्यांची थट्टा केली होती. ‘जिजी, मला दाढी करायचीय, त्यासाठी पन्नास पाहिजेत. घरी कशाला काय व्हतंय?’ त्यांनी पन्नास दिले आणि म्हणाल्या, ‘मंग कर बाबा लवकर. त्या तोंडानं घरी फोन लावू नगंस.’

ज्या व्यवहाराने पुढचे सगळे घडले, तो त्या मंगळवारच्या बारा दिवस आधीचा. दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर एक अनोळखी माणूस आला. बायकोला चाकणच्या दवाखान्यात ठेवले आहे, रोख भरायला सांगितली आहे, म्हणाला. त्याने चार हजार कोडवर टाकले. जिजींकडे तीन हजार चारशे होते. राहिलेले सहाशे त्यांनी शेजारच्या अंडेवाल्याकडून घेऊन दिले. ‘घरी समदं बरं हाय ना’ हे त्या दिवशी विचारले नाही, कारण त्याने आधीच सांगितले होते.

ते चार हजार दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त शिक्षकाला फसवून काढलेल्या रकमेपैकी होते. शिक्षकाने तिथल्या सायबर पोलिसांकडे तक्रार केली. पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले, ती सगळी गोठवण्याचा निरोप बँकांना गेला. जिजींच्या खात्यात एकसष्ट हजार रुपये होते. वादातले चार हजार बाजूला ठेवून बाकीचे मोकळे ठेवता आले असते. तसे केले गेले नाही. जिजींना कोणी कळवलेही नाही. पैसे जमा होणे चालू होते, त्यामुळे मंगळवारीही गाड्यावरचा डबा नेहमीसारखा बोलत होता.

बुधवारी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. शाखेच्या दारात छोट्या विक्रेत्यांनी मोबाइलवरून पैसे घ्यावेत असे सांगणारा मोठा फलक होता. त्यावरचा फोटो जिजींचा होता. दोन वर्षांपूर्वी बँकेचीच माणसे येऊन काढून गेली होती. फलकाखाली जिजींनी पाऊण तास उभे राहून नंबर लावला. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात पाहिले.

‘आजी, खात्याला होल्ड आहे. वरून आलाय.’

‘वरून म्हंजी कुठून?’

‘सिस्टिममधून येतो. आमच्या हातात काही नसतं.’

‘सिस्टिमचं हापिस कुठं हाय? म्या जाते.’

काउंटरवरच्या बाई हसल्या. मागच्या रांगेतले दोघे हसले. जिजी हसल्या नाहीत. त्या खरेच जाणार होत्या.

पोलीस चौकीतल्या हवालदाराने त्यांना खुर्ची दिली. तो त्यांच्याकडूनच मेथी न्यायचा. ‘जिजी, हे आमच्याकडं येत नाही. तिकडच्या सायबर पोलिसांना मेल करा, नाहीतर तिकडं जाऊन भेटा,’ तो म्हणाला. तिकडे म्हणजे रेल्वेने दीड दिवस. त्याने एक फोन नंबर लिहून दिला. तो नंबर आम्ही नऊ दिवस लावला. दहाव्या दिवशी उचलला गेला आणि पलीकडून ईमेलचा पत्ता सांगून फोन ठेवला गेला.

बँकेच्या व्यवस्थापकाने एक वाट सुचवली. अर्ज करा आणि त्याला चार हजारांचा माल विकल्याचे बिल जोडा, म्हणजे तेवढीच रक्कम अडवून बाकीची सोडण्याची विनंती वर पाठवता येईल. ‘मेथीच्या जुडीचं बिल कुनी देतं का वो?’ जिजींनी विचारले. व्यवस्थापक म्हणाले, नियम तसा आहे. मोबाइल दुकानदाराकडे छापील बिलाचे पुस्तक होते. तो लिहून द्यायला तयार होता, आणि याचे त्याने पैसे मागितले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

‘लग्नाची भाजी नेली म्हणून लिहू, जिजी. चार हजाराची सहज बसते.’

‘लगीन कुनाचं व्हतं ते बी लिवायचं का?’

‘जिजी, अहो नुसता कागद आहे तो.’

‘चार हजाराची भाजी माझ्या गाड्यावर कवा व्हती रं? म्या काय चोरी केली का खोटं बोलाया? पेपरवाल्या, तू लिव. झालं तसं लिव.’

मी लिहिले. माझे कामच ते आहे. तारीख, वेळ, रक्कम, माणसाचे वर्णन, त्याने सांगितलेले कारण. शेवटी लिहिले, ‘सदर व्यक्तीस मी चार हजार रुपये रोख दिले.’ जिजींना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावून सही केली. अर्जात एकही चूक नव्हती.

या सगळ्या दिवसांत गाडा आक्रसत गेला. बारा भाज्यांच्या जागी सात आल्या, मग चार. व्यापाऱ्याने आठवडाभर उधार दिले, नंतर त्यालाही पुढे पैसे द्यायचे होते. लेकीने पाच हजार आणून दिले, ते वीस दिवस पुरले. जिजींनी कोडवर पोते टाकले, कारण त्यावर पडलेला रुपया त्यांच्या हाती येणार नव्हता. कामगार यायचे, फोन काढायचे, पोते बघायचे. ‘जिजी, कॅश नाही हो.’ ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षे रोख पुरवली होती, त्यांच्याच खिशात रोख नव्हती. पहिल्या पगाराला काही जणांनी दूरच्या एटीएमवरून नोटा आणल्या. दुसऱ्या पगाराला एकट्या वेल्डरने आणल्या. बाकीचे वळणावरच्या दुकानात जाऊ लागले. तिथे फोन चालत होता.

पोते काढून कोडवर दुसऱ्या कोणाचे खाते लावा, असे अंडेवाल्याने सुचवले. त्याचेच लावा म्हणाला. जिजींनी नकार दिला. ‘माझ्यावानी तुझं बी धरलं, तर तुझी लेकरं काय अंडी खात्याल व्हय?’ त्या एवढेच बोलल्या.

बँकेने पुढे पाठवलेल्या अर्जाचे तिकडच्या सायबर पोलिसांचे उत्तर एकोणीस दिवसांनी बँकेकडे आले. इंग्रजीत होते, सहा ओळींचे. खातेदाराने मिळालेल्या रकमेच्या बदल्यात रोख दिल्याचे स्वतः मान्य केले आहे. असे व्यवहार खात्यात वारंवार दिसतात. सबब चौकशी पूर्ण होईपर्यंत संपूर्ण खाते गोठवलेले राहील. मी लिहिलेले वाक्य त्यांनी अवतरणात घेतले होते. अनोळखी माणसाचे वर्णन दिले होते, त्याचा उल्लेख नव्हता. त्याला कोणी शोधल्याची नोंद आजवर मला मिळालेली नाही.

मी उत्तर वाचून दाखवले तेव्हा जिजी पोत्यावर बसल्या होत्या. ‘म्हंजी खरं बोलले म्हनून,’ त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी गाडा आणि तराजू अंडेवाल्याला देऊन टाकले आणि त्याच्याकडून घेतलेल्या, अजून द्यायच्या राहिलेल्या सहाशे रुपयांचा विषय संपवला. गाड्याची किंमत त्याहून बरीच जास्त होती. तो तसे म्हणाला, त्यांनी ऐकले नाही. नंतर त्या पिंपळे गुरवला लेकीकडे राहायला गेल्या. निघताना मला एवढेच म्हणाल्या, ‘कुनी रोख मागाया आलं तर सांग, जिजी न्हाई म्हनावं.’

त्याला आता सात महिने झाले. गेल्या गुरुवारी मी पुन्हा त्या राज्यातल्या सायबर पोलिसांना फोन लावला. या वेळी बोलणारे अधिकारी सौजन्याने बोलले. त्यांनी फाइल काढून पाहिली. निवृत्त शिक्षकाची संपूर्ण रक्कम दुसऱ्या एका खात्यातून वसूल होऊन त्यांना परत मिळाली होती. त्यालाही पाच महिने झाले होते. तक्रार बंद होती. मग महाळुंग्याचे खाते का बंद आहे, असे मी विचारले. खाते सोडण्याचा निरोप बँकेला वेगळा पाठवावा लागतो, ते म्हणाले. तो पाठवला का? त्यांनी पाहिले. पाठवला नव्हता. कधी पाठवणार? त्यांनी ईमेलचा पत्ता सांगितला.

मी संध्याकाळी पिंपळे गुरवला जाऊन जिजींना हे सांगितले. त्या लेकीच्या स्वयंपाकघरात गवार मोडत होत्या.

‘मास्तराला त्याचं मिळालं?’

‘सगळं मिळालं.’

‘बरं झालं.’ त्यांनी हातातल्या शेंगेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा काढल्या. ‘मंग माझं कोन धरून बसलंय?’

शुक्रवारी सकाळी मी हा प्रश्न सायबर पोलिसांना आणि बँकेला लेखी पाठवला. बँकेकडून पोच मिळाली. दुपारी चार वाजता शाखेत जाऊन विचारले. खाते गोठवलेलेच होते.