आतोबांचा पाना

जग देवाने घडवले यावर आमच्या आतोबांचा विश्वास होता; पण त्याचे नट देवाने नीट आवळले असतील यावर अजिबात नव्हता. ते राहिलेले काम आपल्याच गळ्यात पडले आहे अशा थाटात आत्याचे हे यजमान आयुष्यभर कोटाच्या खिशात पाना घालून हिंडले. सांगलीत हळदबाजाराच्या मागे त्यांचा लोखंड कातायचा लेथ होता. दुसऱ्या महायुद्धामुळे बाजारात साधा खिळा मिळायची मारामार, त्या दिवसांत आसपासच्या गावांची इंजिने त्यांच्या हातांवर चालली. एका नटावर त्यांचा भरवसा नसे. त्याच्या डोक्यावर दुसरा बसवून दोघांना एकमेकांवर आवळले, की मगच ते घाम पुसत. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत बसण्याआधी चारही चाकांचे नट तपासत आणि ड्रायव्हरच्या शिव्या आशीर्वादासारख्या घेत. एकदा रहिमतपूरला पाहुणे म्हणून गेले आणि पाने वाढलेली असताना यजमानांचा झोपाळाच उतरवून बसले. "जेवाण काय पळून जातंय? ह्यो झोपाळा जाईल," असे वर त्या भुकेल्या माणसालाच ऐकवले.

नटांहून त्यांचा जीव चावीवर. कुलपाची नव्हे, शाफ्ट आणि चाक, दोघांना खाच पाडून मधे ठोकतात ती पोलादी पट्टी. ती ढिली झाली की शाफ्ट एकटाच गरगरतो आणि चाक कधी कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही. जुनी कानस भट्टीत मऊ करून, रेतून रेतून आतोबा अशी चावी घडवीत. ती खाचेत पक्की बसली की हातोडीचा आवाज बदलतो म्हणत, आणि तो ऐकताना त्यांचा चेहरा भजनाला बसल्यासारखा होई. मला तो चेहरा फार आवडायचा.

असा माणूस लेकीचे स्थळ बघायला गेल्यावर काय होणार! मुलगा उंब्रजचा, घरचा ऊस, इंजिनावर चालणारे गुऱ्हाळ. मंजुळेने त्याला नात्यातल्या एका लग्नात पाहिले होते आणि तोच तिच्या मनात भरला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. मी सोबतीला होतो. चहा आला, आणि बशी ओठांशी नेता नेता आतोबा थांबले.

"चाक खडखडतंय," म्हणाले आणि उठून थेट गुऱ्हाळात. इंजिन थांबवून पाहतात तो चावीच्या बाजूला डब्याचा पत्रा कोंबलेला.

"पत्रा कुणी घातला?"

"म्या," मुलगा म्हणाला. "चावी झिजलीया. नवी कुटं मिळंना, आन् ऊस तोडून पडल्याला."

आतोबांनी टोपी घातली. "चावीला पत्रा लावणाऱ्याच्या घरात माझी पोर न्हाई द्यायची," एवढेच ते वाटेत बोलले.

घरी आत्याने अबोला धरला. मंजुळा मात्र बापाचीच लेक. जेवण वाढता वाढता म्हणाली, "आबा, त्यानं लपिवलं तर न्हाई न्हवं?" आतोबा अर्ध्या भाकरीवर उठले.

थोड्या दिवसांनी उंब्रजहून निरोप आला: नवी चावी रेतली आहे, बघून जावे. आम्ही पुन्हा गेलो. मुलाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. आतोबांनी हातोडी उचलली, एक ठोका घातला, कान लावला. आणखी एक घातला. मग तो भजनातला चेहरा झाला.

"एका अंगाला जरा जास्त रेतलीस रं," म्हणाले. "पर पत्रा न्हाई." आणि व्याह्यांकडे वळून, "मुहूर्त काढा."

लग्न झोकात झाले. मंजुळा सासरी निघताना सगळ्या बायका रडत होत्या आणि आतोबा कुठे दिसेनात. पाहिले तर पेट्रोलअभावी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या वऱ्हाडाच्या मोटारीच्या चाकाशी वाकून एकेक नट आवळत होते.

"आवं दाजी, झालं की घट्ट!" ड्रायव्हर वैतागला.

"थांब रं गड्या. ह्यो येक ऱ्हायलाय."

एक झाला, मग दुसरा, मग पुन्हा पहिलाच. वर बघायला ते तयार नव्हते. शेवटी मंजुळेने खिडकीतून हात काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"आबा, घट्ट हाय समदं. सोडा आता."

त्यांनी पाना काढला आणि मोटार सुटली. ती दिसेनाशी झाली तरी आतोबा पाना ठेवायला कोटाचा खिसा चाचपत उभे होते. जन्मभराच्या सवयीचा तो खिसा त्यांना काही केल्या सापडत नव्हता.