कोरड्या गाडीतून गळलेलं पाणी

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवरचे हडळ-चकव्याचे अनुभव मी वाचत नाही. बायको वाचते, आणि मग अंधारात पाणी प्यायला जायचं म्हटलं की मला उठवते... मी जाम वैतागतो. आम्ही बौद्ध घरातली माणसं. नवस नाही, उतारा नाही, लिंबू-मिरची नाही. त्यात माझं खामगावला पाइप-फिटिंगचं दुकान. पाणी गळतंय म्हणजे ते कुठूनतरी येतंय, एवढं मी गिऱ्हाइकांना दिवसभर ओरडून सांगत असतो. तरी हे लिहायला बसलो, कारण ज्याला सांगावं तो "एसीचं पाणी असंन बे" म्हणून मोकळा होतो. एसीचं नव्हतं, भाऊ. ऐका तर खरं.

माझी सासुरवाडी वडनेर भोलजीची, नांदुरा तालुक्यातली. मागच्या उन्हाळ्यात मेव्हण्याच्या मुलाचं नामकरण होतं. मी, बायको सुनिता आणि आमची चार वर्षांची मिनू सकाळीच निघालो. गाडी सेकंडहँड. तिचा एसी मी घ्यायच्या आधीच मेलेला, कॉम्प्रेसर काढून टाकलेला. खिडक्या उघड्या टाकायच्या आणि गरम वारा खात जायचं. सुनिता म्हणते, "गाडी कायची, भट्टी आहे चार चाकाची." तेव्हा मी हसायचो. आता ते वाक्य निघालं की मी विषय बदलतो.

दारात सासूबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या.

"थांबा जावईबापू, चाकावर पाणी टाकू द्या आंधी!"

लांबून माणूस आलं की गाडीच्या चाकावर पाणी ओतायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आधी बैलगाडीच्या चाकावर ओतायचे, आता कारच्या. मी म्हटलं, "आई, पंचशील म्हणता अन् चाकं धुता?"

"तुमी बसा बरं गुमान," म्हणत त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी टाकलंच.

गाडी भिंतीच्या सावलीला लावली. धुळीमुळे काचा वर केल्या, समोरच्या काचेवर जुनी चादर टाकली. मागच्या खिडक्यांना काळ्या जाळ्या होत्याच. गावात कोण नेते, म्हणून लॉक केली नाही. मागच्या दारांना मात्र चाइल्ड लॉक होतं, म्हणजे दार बाहेरून उघडतं, आतून नाही. मिनू चालत्या गाडीत दाराशी खेळते म्हणून ते मीच लावलेलं.

कार्यक्रम समोरच्या विहारात झाला. त्रिशरण झालं, बाळाचं नाव ठेवलं, मग पंगती बसल्या. पुरुष आणि पोरं आधी, बाया शेवटी. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. मिनू माझ्या शेजारी बसून जेवली, हात धुतले आणि आईकडे पळाली. म्हणजे मला वाटलं आईकडे. आणि सुनिताला वाटलं, बापाबरोबर जेवली तर बापाजवळच झोपली असेल. झालं! दोघंही निवांत.

मी सासऱ्यांच्या ओट्यावर बाजेवर आडवा झालो. गाडी समोरच होती. सावली केव्हाच सरकून गेली होती आणि पत्रा नुसता तापला होता. बट्टी अंगावर आली होती, पण माश्यांनी झोपू दिलं नाही. तेवढ्यात शेजारच्या भीमरावकाकांनी त्यांच्या ओट्यावरून आवाज दिला.

"ओ जावई, गाडीखालून पाणी गयून राह्यलं तुमच्या."

"आईनं सकाळी चाकावर टाकलं ना काका, तेच असेल."

"सकायचं पाणी आतालोग राह्यते काय या उन्हात? अन् हे तं मांगून पडून राह्यलं."

मी कूस बदलली. म्हटलं पडू दे. पण गळती आहे म्हटल्यावर मला चैन पडेल तर शपथ! उठलो, चपला घातल्या. विहारापुढच्या मांडवातून सुनिता ओरडली, "निघाले! सासुरवाडीत तरी गाडीखाली नका शिरू, नवा शर्ट आहे!"

शिरलोच. मातीत ताटाएवढी ओल होती, एक कोंबडी त्यात चोच मारत होती. बोटाला लावून पाहिलं. कूलंट हिरवं असतं, चिकट असतं. हे साधं पाणी होतं, पण गार... माठातलं असावं तसं. इंजिनाखाली सगळं कोरडं. पाठीवर सरकत मागे गेलो, तर ड्रायव्हरच्या सीटमागे, पाय ठेवायच्या जागेखाली, बरोबर मधोमध पत्र्यातून थेंब पडत होता. टप... टप... तिथे ना पाइप आहे ना टाकी.

मग माझं डोकं सरकलं. म्हटलं, मिनूनं आत पाण्याची बाटली सांडली, दुसरं काय! आता ही पोरगी सापडू दे... असं बडबडतच मी मागचं दार उघडलं.

मिनू आत होती.

दोन सीटच्या मधल्या जागेत, खाली, गठडी होऊन पडलेली. तोंड लालभडक, केस कपाळाला चिकटलेले, डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली, तिनं बघितलंच नाही. मी कसा ओरडलो मला आठवत नाही. भीमरावकाका सांगतात, अख्खी गल्ली जमली. सुनिता धावत आली आणि एकच म्हणत राहिली, "तुमच्यापाशी नोती काय थे? तुमच्यापाशी नोती काय?"

सावलीत नेलं, ओल्या साडीत गुंडाळलं, मेव्हण्याच्या गाडीवर गावातल्या डॉक्टरांकडे पळवलं. त्यांनी अंग पुसलं, सलाईन लावली. रस्ताभर आणि तिथेही मी तिचा पाय धरून होतो, सोडवेना. बऱ्याच वेळानं बाईसाहेबांनी डोळे उघडले आणि कुल्फी मागितली. मी, एवढा मोठा माणूस, दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर सापडली. अजून उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

संध्याकाळी गाडीपाशी गेलो. आत बाटली नव्हती. मॅट कोरडी. मॅटखालचा गालिचा हातानं दाबून दाबून पाहिला, तोही कोरडा. वर धूळ होती तशीच. गाडीखाली मात्र मातीत ओल होती, मी एकटाच नाही, काकांनी आणि मेव्हण्यानंही पाहिली.

खामगावला आल्यावर मेकॅनिककडे अख्खं फ्लोअरिंग उचकटायला लावलं. पत्र्याला तिथे भोक नाही, जोड नाही, गंजाचा ठिपका नाही. तो म्हणाला, "इथून पाणी पडूच शकत नाही, भाऊ." मी म्हटलं, "मले काय सांगतो? मी पाह्यलं." मी स्वतः आतून बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी दाराकडून वाहून गेलं, त्या जागेवरून एक थेंब पडला नाही. त्यानंतर कधीच पडला नाही.

सासूबाई म्हणतात, चाकावर टाकलेलं पाणीच पोरीसाठी धावून आलं. ते त्यांच्यापाशी राहू द्या. मी वाद घालायचं सोडलंय. नातेवाईक म्हणाले, गाडी विका, अपशकुनी आहे. मी विकणार नाही. चाइल्ड लॉक मात्र काढलं, आणि आता गाडी लावली की मागची सीट हात फिरवून बघितल्याशिवाय हलत नाही. लोक हसतात, हसू दे.

मिनू ठणठणीत आहे. त्या दिवसाचं फारसं बोलत नाही. फक्त एकदा जेवता जेवता माझ्यावर रुसून म्हणाली, "पप्पा, मी तुमाले किती आवाज देल्ले! तुमी बाजेवर दिसून राह्यले होते. तुमी आलेच नाही."

मी बाजेवर जागा होतो. गाडी समोर होती. तिचा एकही आवाज मला आला नाही, काकांनाही आला नाही. आम्हाला दिसलं ते फक्त पाणी. ते कुठून आलं, मला खरंच माहीत नाही... पण आलं, बाप्पा, आलं.