वालाच्या मुळांवरच्या गाठी

सासूबाईंच्या वालाचं बियाणं शेवटचं होतं. खरोखरच शेवटचं: राखेत घोळून मडक्यात ठेवलेले चार-पाच ओंजळी दाणे. उरण रस्त्याकडचं आमचं भातशेत कंटेनरच्या यार्डासाठी गेलं, तेव्हा भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरायची सोयही गेली. भावकीत तो वाल आता कुणाकडेच नाही. सगळे बाजारातून आणतात, आणि बाजारच्या वालाला सासूबाई वाल म्हणायला तयार नसतात.

पळस्प्याजवळ आमच्या घरामागे मुरमाचा भराव टाकलेला तुकडा आहे. तिथे पेरायचं ठरलं. त्या म्हणाल्या, आधी जुन्या शेतातली टोपलीभर माती आणून यात कालव. नवं शेत केलं की जुन्याची माती न्यावी लागते, नाहीतर वाल रुसतो. मला वाटलं, गेलेल्या शेताचं दुःख बोलतंय. मी हो हो म्हटलं. शाळेत मला दहावीचे जादा तास होते, आणि ट्रकच्या रांगेत स्कूटर घालायची मला भीती वाटते. माती मी आणलीच नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मात्र आणून टाकली म्हणून सांगितलं. गुडघ्यांमुळे त्या परसात उतरत नाहीत, त्यामुळे खोटं सहज खपलं.

सगळे दाणे पेरले. छान उगवलेही. महिन्याभराने खालची पानं पिवळी पडू लागली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या आठवड्यात नेमका सजीवांच्या सहजीवनाचा धडा होता. आंब्यावर आमरी, म्हणजे ऑर्किड, नुसती बसते, आंब्याचं काही जात नाही. बांडगूळ मात्र त्याचा रस पितं. आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतला नायट्रोजन देतात, दोघांचंही भलं. हे सगळं मला झोपेतही म्हणता येतं. वर्गात दाखवायला म्हणून मी परसातलं एक रोप उपटलं. मुळं धुतल्यासारखी स्वच्छ होती. एकही गाठ नव्हती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डोंगर फोडून आणलेल्या मुरमात ते जिवाणू येणार कुठून? ते जुन्या शेतात होते. सासूबाईंनी टोपलीभर माती मागितली होती ती या जिवाणूंसाठीच, फक्त त्यांना हे नाव ठाऊक नव्हतं. नाव मला ठाऊक होतं, वीस वर्षं फळ्यावर लिहीत होते, आणि तरी गाढवासारखी वागले.

शाळा सुटल्यावर तशीच निघाले. दोन्ही बाजूंना न्हावा शेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर, मध्ये माझी स्कूटर. शेतावर भराव पडला होता. जिथे उभं राहून मी लग्नानंतर पहिल्यांदा वाल खुडला ती जागाही ओळखू येईना. कुंपणालगत गटारापाशी तेवढी बांधाची काळी पट्टी शिल्लक होती. रखवालदाराने हिंदीत विचारलं की मॅडम, मातीचं काय करणार. मला धड सांगता येईना. त्याने हसून आपलं घमेलं दिलं. दोन गोणी भरल्या.

ऊन उतरलं की मी ती माती बादलीभर पाण्यात कालवून ते पाणी मुळाशी घालायचे. खिडकीतून सासूबाई विचारायच्या, काय करतेस. खत घालते, असं म्हणायचे. एक खोटं झाकायला दुसरं.

गाठी धरल्या की नाहीत हे पाहायचं तर रोप उपटावं लागतं. म्हणजे वाचवायच्या त्याच बियाण्यातलं एक मारायचं. रोज सकाळी मी वाकून पानं बघायचे, हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात राहवेना, एक उपटलं. मुळाला मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली. आत गुलाबी होती, म्हणजे कामाला लागलेली. मी तिथेच मातीत बसून रडले.

निम्म्याहून जास्त रोपं तरीही गेली. शेंगा वाळवून सोलल्या तेव्हा जेमतेम वाटीभर दाणे निघाले. त्या वर्षी वालाचं बिरडं केलं नाही, एक दाणाही खाल्ला नाही. सासूबाईंनी दाणे राखेत घोळले, मडक्यात भरले आणि मडकं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, आता हे तू सांभाळायचं. सुनेने माती आणली म्हणून वाल टिकला, असं त्या शेजारणींना आधीच सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं: पेरणीला माती आणली नव्हती, खोटं बोलले, खत म्हणून सांगितलं तेही खोटं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"वाल वाचला, बाय," त्या म्हणाल्या. "पन मी तुला इचारलं व्हतं."

मग त्यांनी माझ्या मांडीवरचं मडकं उचललं आणि आपल्या खाटेखाली सरकवलं.

त्यानंतर दोन पेरण्या झाल्या. दाणे त्या स्वतः काढून देतात, आणि कठडा धरत, कण्हत परसात उतरून मी पेरत असताना तिथे उभ्या राहतात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलंय. सकाळी त्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हे मडकं कुणाला द्यायचं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि विचारायचं तोंड मला नाही.