चिंचेने घासलेली राख

लोक घरातली राख बाहेर टाकतात. तिरोड्याजवळच्या त्या गावातली अल्का मात्र २००७ च्या उन्हाळ्यात राइस मिलच्या बॉयलरची राख पोत्यांनी घरात आणत होती. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, पण एकदा डोक्यात काही शिरलं की जेवणखाण विसरणारी बाई.

शिरलं होतं ते असं. केशोरावांच्या सूत रंगवायच्या कारखान्याचं लालभडक पाणी गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, जायचं. मासे मरू लागले. मासेमारांची पुढारीण जमुनाबाई, तिने सरळ सांगून टाकलं: सोमवारपर्यंत पाणी साफ करा, नाहीतर मी कुलूप लावते. आता त्याच कारखान्यात रंगाच्या हौदाशी अल्काची माय, पार्वताबाई, राबायची. नवरा गेल्यावर त्याच लाल हातांनी तिने पोरीला एमएस्सी केलं होतं. कुलूप लागलं असतं तर तिच्यासारख्या कितीतरी बाया घरी बसल्या असत्या. मासे मरणंही खोटं नव्हतं. अल्काचा जीव दोन्हीकडे ओढला जात होता.

तिने राखेत लेथवरचा लोखंडी कीस कालवून, भट्टीत भाजून दाणे केले. रंगीत पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हे दाणे टाकले की रंग फुटून जायचा. दाणे स्वतः संपत नाहीत; लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे, इथलं जमवलं की पुढच्या घरी. पहिल्या खेपेला पाणी असं नितळ झालं की अल्का बादलीभोवती नाचलीच. दुसऱ्या खेपेला दाणे रुसले. पाणी लाल ते लालच. आणि दरवेळी नवे दाणे भाजायचे तर केशोरावांचं दिवाळं निघालं असतं.

रविवारी तिने ते रुसलेले दाणे सुपात घालून अंगणात वाळत ठेवले आणि आंघोळीला गेली. बाहेर येऊन बघते तर सूप रिकामं, आणि शेजारी पाणी भरायचा पितळी गुंड चकचकीत होऊन उपडा पडलेला.

"माय, सुपातली राख कुठं गेली?"

"गुंड घासला न. राखेनं आन चिंचेनं. काऊन?"

तिचं तरी काय चुकलं? मिलच्या आसपास घरोघरी तुसाच्या राखेनेच भांडी घासतात. पण अल्काचं टाळकं सरकलं. "तू माही उन्हाळाभराची मेहनत घासून टाकली," म्हणत ती मोरीशी फतकल मारून बसली. मग राग गिळला आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मोरीच्या गाळात फिरवू लागली. लोखंडामुळे दाणे चिकटून वर आले. सोमवारी दाखवायला दुसरं होतंच काय? तेच तिने पेरॉक्साइडसोबत लाल पाण्यात टाकले.

पाणी फसफसलं, गुलाबी झालं आणि बघता बघता चक्क नितळ. अल्काचा डोळ्यांवर विश्वास बसेना. मग डोक्यात उजेड पडला. दाण्यांवर रंगाचं किटण चढलं होतं, ते घासण्यात निघालं. आणि हे लोखंड आंबट पाण्यात जास्त जोमाने काम करतं, ती आंबटाई चिंचेने दिली. तिने पुन्हा घासले, पुन्हा टाकले, पुन्हा नितळ. मग मायचे दोन्ही हात धरून तिला अंगणभर गरगर फिरवलं.

"सोड व बाई, चक्कर येऊन राहिली," माय हसत म्हणाली.

सोमवारी जमुनाबाई कारखान्यात आली ती पदराला कुलूप बांधूनच. अल्काने तिच्यासमोर चिंचेने घासलेले दाणे टाकून लाल पाणी नितळ केलं. त्याकडे बघून जमुनाबाई म्हणाली, "पाणी गोरं झालं म्हून साफ झालं काय? माही मासोळी सांगन." अल्काने आंबटपणा मारायला चुना टाकून निवळलेलं पाणी टाक्यात भरलं. जमुनाबाईने त्यात माशांची बोटभर पिल्लं सोडली आणि तिथंच मांडी घालून बसली. केशोराव टाक्याभोवती येरझाऱ्या घालू लागले. दुसरा दिवस उजाडला तरी पिल्लं टाक्यात सुळसुळत होती.

जमुनाबाईने पदराची गाठ सोडली. केशोरावांना वाटलं, झालं आपलं. तिने कुलूप त्यांच्या हातात ठेवलं.

"घ्या केशोभाऊ. चिंचेच्या कोठीले लावा. नाईतर गावातली पोट्टी चिंच खाऊन टाकतीन, आन माह्या मासोळ्या मरतीन."